लिनक्सवरचे गेम: पोर्ट हवा की प्रोटॉन?

नवा मोठा गेम जाहीर झाला की लिनक्सवर खेळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लिनक्सला येतोय का?" माझ्या मते या प्रश्नाचा आता फारसा उपयोग राहिलेला नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या पानावर लिनक्सचा उल्लेखही नसलेले हजारो गेम आज लिनक्सवर सुरळीत चालतात, आणि "लिनक्ससाठी उपलब्ध" असं छातीठोकपणे सांगणारे काही जुने गेम उघडल्या उघडल्या बंद पडतात. हा उफराटा प्रकार कसा झाला ते कळायला गेमचा पोर्ट म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करावी लागते.

गेम चालू असताना तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे सतत काही ना काही मागत असतो. ही फाइल उघड, हा आवाज वाजव, कंट्रोलरचं कुठलं बटण दाबलं ते सांग, आणि सेकंदाला साठ वेळा हे चित्र काढ. विंडोजवर या मागण्या करण्याची ठरलेली पद्धत आहे. साध्या कामांसाठी विन३२ आणि चित्रांसाठी डायरेक्टएक्स. लिनक्सवर या दोन्ही गोष्टी नाहीत, तिथल्या मागण्यांची नावं वेगळी, रीत वेगळी. प्रोसेसर मात्र दोन्हीकडे तोच असतो. त्यामुळे शत्रूने कुठून यायचं, उडी मारलेला खेळाडू खाली कधी पडायचा, हा सगळा हिशेब जसाच्या तसा चालू शकतो. अडतं ते फक्त मागण्यांपाशी.

पोर्ट करणारा माणूस सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडून या मागण्या लिनक्सच्या पद्धतीने पुन्हा लिहितो आणि गेम नव्याने बांधतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात कटकटी बारीक बारीक असतात. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. कोडमध्ये एक नाव आणि डिस्कवर दुसरं, एवढ्यावरून अख्खी लेव्हल कोरी दिसू शकते. त्यात बहुतेक मोठे गेम बाहेरून विकत घेतलेले तुकडे वापरतात: व्हिडिओ दाखवायला एकाचा, आवाजाला दुसऱ्याचा, ऑनलाइन खेळाला तिसऱ्याचा. यातला एक जरी लिनक्सवर मिळत नसेल तर पोर्ट अडला. आणि सगळं जमलं तरी चित्रांचं काम उरतंच. डायरेक्टएक्ससाठी लिहिलेला भाग ओपनजीएल किंवा व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या चित्रपद्धतींवर आणायचा म्हणजे गेमच्या सर्वांत नाजूक भागाला हात घालायचा.

तरीही लोकांनी हे फार आधीपासून केलंय. 'डूम'ची लिनक्स आवृत्ती १९९४मध्येच आली होती. डिसेंबर १९९७मध्ये 'डूम' बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड खुला केला तेव्हा तो लिनक्स आवृत्तीचाच होता, कारण डॉसवरच्या आवृत्तीत आवाजाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, दुसऱ्याच्या मालकीची होती आणि ती वाटून टाकण्याचा हक्क त्यांच्याकडे नव्हता.

१९९८मध्ये लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. धंदा एकच: विंडोजवर गाजलेले गेम हक्क घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे. १९९९मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर'पासून सुरुवात झाली, आणि जानेवारी २००२मध्ये दुकान बंद. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पोर्ट यायचा मूळ गेमनंतर काही महिन्यांनी. तोवर ज्याला तो गेम खेळायचाच होता त्याने मशीनवर शेजारी ठेवलेल्या विंडोजमध्ये खेळून संपवलेला असायचा. उशिरा येणाऱ्या पोर्टचा हा शाप पुढे वीस वर्षं सुटला नाही. लोकीने मागे एक गोष्ट मात्र ठेवली. तिथले प्रमुख प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यांनी घडवलेली एसडीएल ही लायब्ररी आजही असंख्य गेममध्ये खिडकी, कीबोर्ड आणि कंट्रोलर सांभाळते.

लोकीनंतरची दहा वर्षं हौशी आणि चिकाटीच्या माणसांची. रायन गॉर्डन यांच्यासारखे एकेकटे प्रोग्रॅमर गेमामागून गेम पोर्ट करत राहिले. वचनं मोडण्याचाही हाच काळ. 'अनरियल टूर्नामेंट ३' लिनक्सवर येणार असं सांगितलं गेलं होतं. तो आलाच नाही. मे २०१०मध्ये पहिला हंबल इंडी बंडल निघाला, वाटेल ती किंमत द्या या तत्त्वावर, आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिघांत सरासरी सर्वाधिक पैसे लिनक्सवाल्यांनी मोजले. "हे लोक फुकटे असतात, गेम विकत घेत नाहीत" हा समज त्याने थोडा तरी हलला.

व्हॉल्व्ह का आली

२०१२मध्ये विंडोज ८ यायच्या बेतात होतं आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप दुकान होतं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला त्यात आपल्या धंद्याला धोका दिसला. गेब न्यूवेल यांनी विंडोज ८ला जाहीरपणे आपत्ती म्हटलं. त्याच उन्हाळ्यात व्हॉल्व्हने सांगितलं की 'लेफ्ट ४ डेड २' त्यांच्या मशीनवर लिनक्समध्ये सेकंदाला ३१५ फ्रेम देतोय, तर विंडोजवर सुमारे २७०. फेब्रुवारी २०१३मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. म्हणजे लिनक्सप्रेमापेक्षा विंडोजची भीती मोठी होती. माझी त्याला हरकत नाही. स्वार्थातून आलेली मदत प्रेमातून आलेल्या मदतीपेक्षा जास्त टिकते, असा निदान गेमच्या धंद्यातला अनुभव आहे.

नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीम मशीन, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्टीमओएस या लिनक्सवर चालणारे गेमिंग पीसी, बाजारात येणार म्हणून त्याआधीची दोन वर्षं पोर्टचा पाऊस पडला. फेरल इंटरॲक्टिव्हने 'एक्सकॉम', 'शॅडो ऑफ मॉर्डॉर', नंतर 'टूम रेडर' आणि 'मॅड मॅक्स' आणले. ॲस्पायरने 'सिव्हिलायझेशन ५' आणि 'बॉर्डरलँड्स २' आणले. स्टीम मशीन आपटलं आणि पाऊस ओसरला. 'बॅटमॅन: आर्कहॅम नाइट'चा पोर्ट फेब्रुवारी २०१६मध्ये रद्द झाला. 'द विचर ३'ची स्टीमओएससाठी जाहिरात झाली होती; तोही कधी आला नाही.

या काळातला एक पोर्ट लक्षात ठेवण्यासारखा आहे: मे २०१४मधला 'द विचर २'. खरं तर तो पुन्हा लिहिलेला पोर्ट नव्हताच. विंडोजचाच कोड ईऑन नावाच्या थराआडून चालवला होता. हा थर डायरेक्टएक्सच्या मागण्या ओपनजीएलमध्ये बदलून द्यायचा. सुरुवातीला गेम इतका अडखळत होता की लिनक्सवाल्यांनी कंपनीला अक्षरशः धारेवर धरलं. पुढे अपडेटने तो बराच सुधारला. पण "हा खरा पोर्ट नाही, ही फसवणूक आहे" हा आरोप चिकटला तो चिकटलाच. आज आपण जवळजवळ तेच तंत्र डोक्यावर घेऊन नाचतो.

दुभाष्या

ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं. यात गेमला हात लावायचाच नाही. विंडोजचा गेम जसा आहे तसा घ्यायचा आणि मध्ये एक दुभाष्या बसवायचा. गेम विंडोजच्या भाषेत मागतो, दुभाष्या तीच मागणी लिनक्सच्या भाषेत पुढे करतो आणि उत्तर उलटं फिरवून देतो. गेमला आपण विंडोजवरच आहोत असं वाटत राहतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रोटॉन म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या एम्युलेटरसारखं काही नाही. एम्युलेटरला अख्खा परका प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करावा लागतो, म्हणून तो जड असतो. प्रोटॉनमध्ये गेमच्या सूचना थेट तुमच्याच प्रोसेसरवर धावतात. बदलतात त्या फक्त मागण्या. त्यामुळे वेग फारसा घटत नाही, आणि काही गेममध्ये तो विंडोजपेक्षा थोडा वरही जातो.

प्रोटॉनचा पाया वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा जुना दुभाष्या, आणि वाइनचं काम १९९३पासून चालू आहे. एवढी वर्षं ते गेमसाठी तितकंसं उपयोगी पडलं नाही याचं मोठं कारण चित्रांचं भाषांतर. डायरेक्टएक्सच्या मागण्या ओपनजीएलमध्ये बसवताना ओढाताण व्हायची. फेब्रुवारी २०१६मध्ये व्हल्कन आलं आणि ग्राफिक्स कार्डाशी बरंच थेट बोलता येऊ लागलं. मग 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळता यावा या ओढीने फिलिप रेबोले यांनी डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, जे डायरेक्टएक्स ११च्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलतं. एका गेमरची हौस आणि तिच्यावर उभा राहिलेला अख्खा डोलारा! व्हॉल्व्हने त्यांना पगार देऊन या कामाला लावलं. डायरेक्टएक्स १२साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा वेगळा भाग आहे.

दुभाष्या सगळीकडे सफाईदार नाही. शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, खेळताना पहिल्यांदा लागले की ते तिथल्या तिथे तयार करावे लागतात आणि चित्र क्षणभर अडकतं. त्यावर उपाय म्हणून स्टीम तयार शेडर आधीच डाउनलोड करून ठेवतं. आणखी एक नमुना म्हणजे मधले व्हिडिओ. अनेक गेम विंडोजमधली व्हिडिओ यंत्रणा वापरतात, तिच्यातल्या काही कोडेकचे, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागांचे, हक्क इतरांकडे असतात, आणि मग लिनक्सवर कथेच्या ऐन मोक्याच्या प्रसंगी पडद्यावर रंगीत पट्टे दिसतात. व्हॉल्व्ह असे व्हिडिओ आपल्या बाजूने दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून पाठवते. स्टीमबाहेरून घेतलेल्या गेमला ही सोय मिळत नाही.

उलट बाजूचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'एल्डन रिंग'. २५ फेब्रुवारी २०२२ला तो गेम आला आणि त्याच दिवशी स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं, लिनक्सवर चालणारं यंत्र, विक्रीला निघालं. विंडोजवर लोक अडखळण्याने हैराण होते. व्हॉल्व्हच्या माणसांनी भाषांतराच्या थरातच दुरुस्ती केली आणि डेकवर ते अडखळणं बरंच कमी झालं. मूळ कंपनीने लिनक्ससाठी एक ओळही न लिहिलेला गेम लिनक्सवर जास्त नीट चालला.

पोर्ट मरतात कसे

आता मूळ मुद्द्याकडे. पोर्ट हे पुस्तक छापून मोकळं व्हावं असं काम नाही. गेमला अपडेट येत राहतात, आणि प्रत्येक वेळी पोर्टवर पुन्हा काम करावं लागतं. पोर्ट बाहेरच्या कंपनीने केला असेल तर तिचा करार संपला की विंडोजची आवृत्ती पुढे जाते आणि लिनक्सची मागे पडते. मग मित्राबरोबर खेळायला गेलं की "आवृत्ती जुळत नाही" असा संदेश येतो. 'कंपनी ऑफ हीरोज २'च्या लिनक्स पोर्टमध्ये तर विंडोजवाल्यांशी खेळण्याची सोयच नव्हती. लढाईच्या खेळात जिच्यावर सगळी मदार, ती गर्दीच दुसऱ्या बाजूला.

'रॉकेट लीग' हे आणखी वाईट उदाहरण. २०१६मध्ये तो लिनक्सवर आला. २०१९मध्ये एपिकने स्टुडिओ विकत घेतला, आणि मार्च २०२०मध्ये लिनक्स आणि मॅकवरचा ऑनलाइन खेळ बंद झाला. सक्रिय खेळाडूंत हे दोन्ही मिळून ०.३ टक्क्यांपेक्षा कमी आहेत आणि डायरेक्टएक्स ९वरून ११वर जाताना ही आवृत्ती सांभाळणं परवडत नाही, असं कारण दिलं गेलं. हिशेब म्हणून ते खोटं नाही. पैसे परत द्यायची तयारीही दाखवली. पण पोर्टच्या भरवशावर खेळणारे लोक त्यानंतर प्रोटॉनमधून विंडोजची आवृत्ती चालवू लागले, यातच सगळं आलं.

कंपनीने काहीही न बदलता पोर्ट मोडतो असाही एक प्रकार आहे. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत फार काटेकोर असतं. कर्नलच्या बदलाने चालता प्रोग्रॅम मोडू नये हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे. पण कर्नलच्या वरच्या लायब्ररी हा नेम इतक्या कसोशीने पाळत नाहीत. ऑगस्ट २०२२मध्ये जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून एक जुनी तजवीज काढली गेली आणि इझी अँटी-चीट ही खेळातली फसवणूक रोखणारी यंत्रणा वापरणारे काही गेम अचानक चालेनासे झाले. अशा मोडतोडीवर स्टीमचा तोडगा म्हणजे जुन्या लायब्ररींचा एक गोठवलेला संच गेमसोबतच देणं, म्हणजे डिस्ट्रो (लिनक्सचा तुम्ही बसवलेला प्रकार) कितीही बदलली तरी गेमला जवळपास तेच वातावरण मिळतं. विंडोजचा विन३२ मात्र वर्षानुवर्षं जवळपास तसाच आहे. म्हणून लिनक्सवरचा सर्वांत स्थिर पाया विन३२ आहे, असा एक कडवट विनोद प्रोग्रॅमर मंडळींत चालतो. (लिनक्सच्या कट्टर भक्तांसमोर तो जपून करावा.)

कट्टर मंडळींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. लिनक्सची आवृत्ती नसेल तर गेम विकत घ्यायचा नाही, असं ठरवून वागणारे लोक आहेत. त्यांचा युक्तिवाद असा की प्रोटॉनमुळे कंपन्यांना लिनक्सचा विचार करायची गरजच उरली नाही. उद्या एखाद्या अपडेटमध्ये नवा लाँचर (गेमआधी उघडणारा प्रोग्रॅम) घुसला आणि गेम बंद पडला तर कंपनी म्हणणार, आम्ही लिनक्सला सपोर्ट देतो असं कधी म्हटलं होतं? हे खरं आहे, आणि असं घडतंही. पण स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा ३ टक्क्यांच्या वर पहिल्यांदा गेला तो ऑक्टोबर २०२५मध्ये, आणि तेवढी मजल प्रोटॉन आणि स्टीम डेकमुळेच गाठता आली. त्याआधीच्या पोर्टच्या काळात हा आकडा १ टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता. बहिष्काराने वाढ झालेली मला तरी दिसली नाही.

अस्सल पोर्ट करणारे आजही आहेत आणि जिथे मन लावून केलंय तिथे फरक जाणवतो. 'फॅक्टोरिओ' घ्या. मोठा कारखाना सेव्ह करताना विंडोजवर गेम थांबतो. लिनक्सवर सेटिंगमध्ये तसं निवडलं तर तो स्वतःचीच एक प्रत काढतो, ती प्रत मागे बसून सेव्ह लिहिते आणि तुम्ही खेळत राहता. ही करामत लिनक्सच्या स्वतःच्या सोयीवर उभी आहे. दुभाष्याकडून ती मिळणार नाही. सप्टेंबर २०२५मध्ये लॅरियन या स्टुडिओने आपल्या 'बॉल्डर्स गेट ३'ची स्टीम डेकसाठी खास आवृत्ती काढली, तीही डेकच्या मर्यादित ताकदीवर गेम हलका चालावा म्हणून. मात्र लिनक्सला एकूण सपोर्ट देत नाही, हे त्यांनी लगेच स्पष्ट केलं.

लहान स्टुडिओंना लिनक्सवाले हवेसे वाटण्याचं एक वेगळंच कारण आहे. 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न'च्या निर्मात्याने २०२१मध्ये आपले आकडे मांडले होते. सुमारे १२ हजार प्रतींपैकी ७००च्या आसपास लिनक्सवाल्यांनी घेतलेल्या, पण हजारभर तक्रारींतल्या जवळजवळ ४०० त्यांच्याकडून आलेल्या. वाचणाऱ्याला वाटेल, बघा, डोकेदुखी! पण त्या चारशेपैकी फक्त तीन तक्रारी लिनक्सपुरत्या होत्या. बाकी सगळे दोष विंडोजवरही होते. ते नीट लिहून कळवण्याचे कष्ट मात्र लिनक्सवाल्यांनी घेतले. इतका कसून तपासणारा गट पैसे मोजूनही मिळत नाही.

न पडलेली भिंत

भाषांतराचे प्रश्न आज ना उद्या सुटतात. चीट रोखणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो तंत्रापेक्षा विश्वासाचा आहे. विंडोजवर ही यंत्रणा अनेकदा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सर्वांत आतल्या थरात बसते आणि तिथून सगळ्या प्रोग्रॅमवर नजर ठेवते. लिनक्सवर कर्नल तुमच्या ताब्यात असतं. तुम्ही ते बदलून स्वतः बांधू शकता, म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणंही तुमच्या हातात. खेळाडूचं हे स्वातंत्र्य कंपनीला भोक वाटतं.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या यंत्रणा २०२१पासून प्रोटॉनमध्ये चालू शकतात, अर्थात कर्नलमध्ये न शिरता. पण प्रत्येक गेमच्या प्रकाशकाने होकार द्यावा लागतो. 'एल्डन रिंग'ने दिला. 'फोर्टनाइट'ने दिला नाही. 'जीटीए ऑनलाइन'ने सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय आणलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'एपेक्स लेजेंड्स'ने चीट करणारे या वाटेने येतात असं म्हणत लिनक्सचं दार लावलं, तेही आधी दोन-अडीच वर्षं उघडं ठेवल्यावर. 'व्हॅलोरंट' आणि 'बॅटलफिल्ड ६' तर मुळातच कर्नलमधल्या पहाऱ्याशिवाय चालत नाहीत.

कंपन्यांचा मुद्दा पोकळ नाही, चीटर्सनी खेळाची माती केलेली मीही भोगली आहे. पण विंडोजवर कर्नलमध्ये पहारा असूनही चीट थांबलेलं नाही, आणि गेमसाठी अख्ख्या मशीनच्या किल्ल्या देणं मला तरी जास्त वाटतं. तुमचं सगळं खेळणं या चार-पाच गेमभोवतीच फिरत असेल तर सरळ सांगतो, आज लिनक्सकडे वळू नका. एकट्याने खेळायच्या गेमच्या बाबतीत मात्र ही अडचण क्वचितच येते.

खरेदीआधी काय पाहायचं, तेवढं सांगतो. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर इतरांचे अलीकडचे अनुभव वाचा. तीन वर्षांपूर्वीचे अनुभव दुर्लक्षित करा, दोन्ही बाजूंनी बरंच बदललेलं असतं. स्टीमवरचा "डेक व्हेरिफाइड" शिक्का चांगला इशारा आहे, पण तो डेकच्या छोट्या पडद्याचा आणि कंट्रोलरचाही विचार करून दिलेला असतो, त्यामुळे शिक्का नसलेला गेम डेस्कटॉपवर उत्तम चालू शकतो. लिनक्सची आवृत्ती असेल तर तिचं शेवटचं अपडेट विंडोजच्या बरोबरीने आलंय का ते बघा. मागे पडली असेल तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन निवडा, म्हणजे स्टीम लिनक्सची आवृत्ती बाजूला ठेवून विंडोजची उतरवून घेतं. असा बदल करण्याआधी सेव्ह फाइलची प्रत काढून ठेवा, कारण दोन्ही आवृत्त्या सेव्ह वेगवेगळ्या जागी ठेवतात आणि क्लाउडवर त्या एकमेकींना सापडतीलच असं नाही.